स्वस्तातली केबल

गाडी लॅपटॉपला जोडायला मुलाने गॅरेजसाठी आणलेली स्वस्त केबल गाडीतले बिघाड अचूक वाचत असे, म्हणून तो खूश होता. मी म्हणालो, "वाचणं सोपं रे. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम भरताना संपर्क तुटला, तर तो कायमचा बंद पडेल. भरवशाची केबल घे."

"बाबा, तुम्हाला जिथे तिथे माशी शिंकलेली दिसते!"

पुढे डॉक्टरीणबाईंच्या गाडीत मुलगा नवा प्रोग्राम भरत असताना नेमके तेच घडले. मी तेव्हा नळावर हात धूत होतो.

बाई आल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबांचा हात थरथरतो हो. केबल ओढली गेली त्यांच्याकडून."

बाईंनी माझ्याकडे कणवेने पाहिले. "काका, आता घरी आराम करा."

"मी तरी रोज काय सांगतोय?" मुलगा म्हणाला.