गाण्याखालचा आवाज

“गाणी नकोत, गोरखभाऊ. आमाला दादांचा आवाज पायजे,” अश्विनी म्हणाली आणि तिनं स्वतःच्याच लग्नाची सीडी काउंटरवरून परत सरकवली.

ओतूरच्या पेठेत गोरखचा शूटिंगचा स्टुडिओ चालला तोच मुळी गाण्यांवर. लग्न कुणाचंही असो, खालचा गलका काढून टाकायचा आणि वर सनई नाहीतर सिनेमातलं गाणं चढवायचं. लोक खूश, गोरखही खूश. त्या सीडीत अश्विनीचे दादा, म्हणजे वडील खंडू, जागोजागी दिसत होते, पाहुण्यांना हात जोडत होते, पण नुसते ओठ हलत होते. ते गेल्या पावसाळ्यात गेले. जन्मभर साधा बटणांचा फोन वापरला. त्यामुळं आवाज असा कुठंच राहिला नव्हता.

“मूळ टेप असंल की तुमच्याकडं?”

“पहिली टेप तेवढी हाय. पन तिच्यावर नंतर घाटघरचं लगीन घेतलंय,” गोरख मान खाजवत म्हणाला. “तवा टेपा महाग व्हत्या, ताई. एकीवरच दोन-दोन लग्नं काढायचो आमी. शेवटाला काय उरलं असंल तर बघू.”

खंडूंची बायको चिमाबाई बाकावर बसली होती. मोतीबिंदूमुळं तिला चित्रबित्र दिसणार नव्हतंच, ती ऐकायला आली होती. गोरखनं मागवलेला चहा तिच्या शेजारी तसाच पडून होता.

गोरखनं माळ्यावरून जुना कॅमेरा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तितक्याच जुन्या कॉम्प्युटरला वायर जोडली. हे काम सावकाशीचं. टेप जेवढी, तेवढाच वेळ ती कॉम्प्युटरात उतरायला लागतो, तिथं कुणाचं काही चालत नाही. पडद्यावर घाटघरच्या नवरीला हळद लागली, मामानं तिला मांडवात आणलं, मग पुढाऱ्यांचे सत्कार सुरू झाले ते संपेचनात. अश्विनीचा जीव टांगणीला लागला होता. टेप शेवटाला आली तसा गोरखही पडद्याजवळ सरकला.

एकदम पडदा निळा झाला आणि लगेच अश्विनीचा मांडव उमटला. नवरदेव अजून मारुतीच्या देवळातच होता. स्वयंपाकाच्या चुलवणापाशी खंडू उभे होते. हातात कप, समोर चिमाबाई. कॅमेरा चालू असल्याचं दोघांच्या गावीही नव्हतं.

“आगं चिमे, घोटभर च्या घे. सकाळपासनं निरंकार हायेस. मी न्हाई सांगत कुनाला.”

पाठोपाठ बँड वाजला आणि टेप संपली.

मुलीच्या आईबापानं अक्षता पडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, ही तिकडची रीत.

“घेतला व्हतास का गं?” अश्विनीनं विचारलं.

“कशाचा घेतीया. मीच वसकन वरडले त्यांच्या अंगावर,” चिमाबाई म्हणाली. “पोरीच्या लग्नात रीत मोडता व्हय, म्हनलं. एवढंसं त्वांड करून गेले बिचारे.”

गोरखनं तेवढाच तुकडा कापला. फाईल अवजड होती, ती व्हॉट्सॲपवर जाईल इतकी लहान करायची होती. त्यानं चित्र दाबलं, माणसं भरड दिसायला लागली. आवाजाला मात्र त्यानं हात लावला नाही. मग अश्विनीच्या फोनवर पाठवून दिलं.

तिनं ते लावून फोन आईच्या हातात दिला. चिमाबाईनं तो फोन आल्यासारखा कानाला लावला. खंडू बोलले, बँड वाजला, बंद झाला.

“घेते हो,” ती फोनमध्ये म्हणाली.

आणि फोन कानाला तसाच धरून तिनं दुसऱ्या हातानं बाकावर चाचपडत गार झालेला कप उचलला.