चार थेंब तेल

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर गणूचं नाव काढलं की कुठलाही ड्रायव्हर मान डोलवायचा. मूळचा करंजा बंदरावरचा कोळी. विशीपर्यंत त्याने होड्यांची इंजिनं उघडली, मग जमिनीवर आला आणि ट्रकांची उघडू लागला. तोंडाने फटकळ, पण हाताला यश होतं. सर्व्हिसिंगच्या बाबतीत तर त्याचं सोवळंच होतं म्हणा ना. ठरलेले किलोमीटर झाले की तेल बदलायचं म्हणजे बदलायचं. फिल्टरला फुंकर मारून तोच परत बसवा म्हणणाऱ्याला तो गॅरेजच्या दारातही उभा करत नसे. "इंजिन कामानं नाय मरत, सुकं पडलं की मरतं," हे त्याने घरीदारी इतक्यांदा ऐकवलं होतं की बायको गुणाबाई नुसती सुरुवात ऐकूनच हात जोडायची.

अशा माणसाच्या घरात नेमबाज निघावी, ही गंमतच. त्याची एकुलती एक मुलगी मोनाली, वय एकोणीस, चार वर्षं करंजाड्यातल्या एका शेडमध्ये दहा मीटर एअर रायफल शिकत होती. शिकवणारे सत्यजीत सर एके काळी स्वतः राज्यासाठी खेळलेले. गणू एकदा कौतुकाने बघायला गेला आणि प्लास्टिकच्या खुर्चीत तासभर बसून पार कंटाळला. पोरं जाडजूड जॅकेटं घालून पुतळ्यासारखी उभी. मधूनच एक टिक आवाज, आणि पुन्हा शांतता. "ह्यात बघायचं काय असतं गो?" त्याने घरी येऊन विचारलं होतं. मोनाली हसली होती. पण तिला पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी निवडलं, तेव्हा टर्मिनलवर पेढे वाटणारा हाच.

एक गोष्ट मात्र त्याला मनातून सलत होती. शेडमधल्या इतर पोरांचे बाप काही ना काही करत. कोणी डॉक्टर, तो आहार सांगायचा. कोणी इंजिनियर, तो मोबाइलवर गुणांचे आलेख काढायचा. गणूला पोरीला देता येण्यासारखं काहीच नव्हतं. स्कूटरवरून सोडायचं आणि आणायचं, एवढंच.

स्पर्धेला आठवडा राहिला होता. शुक्रवारी संध्याकाळी घरी मोनालीने रायफलच्या नळीखालचा हवेचा सिलिंडर फिरवून काढला, आणि आटे करकरले. दुसऱ्या कोणाला ऐकूही आलं नसतं. गणूच्या कानाला ते लगेच झोंबलं.

"सुकं पडलंय त्या," तो म्हणाला. "आण इकडं."

"पप्पा, त्याला हात नाही लावायचा हां! सरांचा नियम आहे."

गणूने आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, बरोबर आहे, पोरीची महागाची वस्तू, असल्या हातांनी कशी धरायची. नियम का आहे हे त्याने विचारलं नाही. तीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्याने हवेच्या बंदुकीबद्दल पोरीला काय विचारायचं!

शनिवारी ती कॉलेजला गेल्यावर त्याने तीनदा साबणाने हात धुतले. गॅरेजमधून नव्याकोऱ्या इंजिन ऑइलची कुपी आणली होती, तिच्यातून हवा भरायच्या तोंडाशी चार थेंब सोडले. आट्यांवरून बोट फिरवलं. बाहेरचं सगळं स्वच्छ फडक्याने पुसून घेतलं, की पोरीला कळूही नये. सिलिंडर आता लोण्यासारखा फिरत होता. पुण्याहून जिंकून आली की सांगू, असं ठरवून तो दिवसभर स्वतःशीच खुशीत होता.

रविवारी सकाळी शेडमध्ये मोनालीने सिलिंडर मोठ्या टाकीला जोडला. ट्रकच्या टायरात असते त्याच्या पंचवीसपट दाबाची हवा त्यात भरतात. जोड नीट बसला आहे ना, हे बघायला सत्यजीत सरांनी सिलिंडर उजव्या हातात धरला. मोनालीने टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. "हळू गं," सर म्हणाले, आणि स्फोट झाला.

गणू हॉस्पिटलात पोचला तेव्हा सरांचं ऑपरेशन चालू होतं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली होती. सरांची बायको कादंबरी बाकावर बसून भिंतीकडे बघत होती. मोनालीच्या अंगावर ओरखडाही नव्हता, फक्त कानात दडे बसले होते, म्हणून ती मोठ्याने बोलत होती. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. "मी पटकन उघडला. सर हळू म्हणाले आणि मी पटकन उघडला."

नेमबाजी क्लबचे सेक्रेटरी प्रभाकर जोशी, केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, गणूला बाजूला घेऊन म्हणाले, "नुसतं पटकन उघडून एवढं होत नाही हो. आत तेल गेलेलं असणार. एवढ्या दाबाची हवा एकदम घुसली की तापते, आणि आत तेल असलं की भडका. म्हणून तर तेलाला बंदी आहे. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही तर डिझेलवाले."

डिझेलला ठिणगी लागत नाही, हवा दाबली आणि तेल सोडलं की ते आपोआप पेटतं. हा धडा त्याने टर्मिनलवर निदान शंभर जणांना दिला होता. जगात कुणाला हे सुचायला हवं होतं, तर त्याला. आणि त्यालाच सुचलं नव्हतं.

"मोनाली, कोणी तेल लावलं होतं का?" प्रभाकरांनी विचारलं.

"नाही काका. माझ्याशिवाय कोणी हातच लावत नाही."

गणू दोन पावलांवर उभा होता. बोलायला एवढी सोपी वेळ त्याला पुन्हा मिळणार नव्हती. त्याने ती जाऊ दिली. पोलीस येतील, गॅरेज बंद होईल, हे सगळं त्याच्या डोक्यात आलं, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळंच होतं. लाज. तीस वर्षांचा उस्ताद, आणि असली चूक! उद्या सांगू, असं त्याने मनाला सांगितलं.

संध्याकाळी सर शुद्धीवर आले, तशी मोनाली त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. तेव्हाही गणू तिथेच होता. तेव्हाही त्याने तोंडात मूग धरले.

दुसऱ्या दिवशी उद्या म्हणाला, तिसऱ्या दिवशीही उद्याच. मोनाली जेवत नव्हती. शुक्रवार आला, पुण्याची स्पर्धा तिच्याशिवाय पार पडली. रोज ती हॉस्पिटलात जाऊन बाहेर बाकावर बसायची आणि परत यायची. आरशासमोर उभी राहून उजवा हात मनगटापासून हळूहळू वळवत राहायची, व्हॉल्व्ह उघडल्यासारखा. गुणाबाईने ते पाहिलं आणि गणूपाशी येऊन रडली. "आवं, पोर येडी होल. तुमी कायतरी बोला तिच्याशी." गणू म्हणाला, "काय बोलू?" आणि चपला घालून गॅरेजला गेला.

तिथे दयाराम ट्रक घेऊन आला होता, त्याच्याकडे नेहमी येणारा जुना ड्रायव्हर. गणूने ट्रकखाली शिरून तेलाचा बोल्ट सोडला. काळं तेल घमेल्यात पडत होतं आणि तो त्याच्याकडे बघत पडून राहिला होता.

"उस्ताद, ऐकलं ते खरं काय?" दयारामने वरून विचारलं. "तुमच्या पोरीच्या हातून झालं म्हणतात."

गणूने घमेलं जरा सरकवलं.

"हां," ट्रकखालून गणू म्हणाला. "पोर हाय. घाई झाली तिला."

आणि त्याने बोल्ट परत आवळला. इतके दिवस तो नुसता गप्प होता. आता त्याने स्वतःच्या तोंडाने पोरीवर ढकललं होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी मोनाली शेडवरून आली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज शांत होता. रायफलचं काम करणारा माणूस मुंबईहून आला होता, तिने सांगितलं. फुटलेल्या तुकड्यांमध्ये त्याला तेल सापडलं. तिलाही तो तुकडा हातात दिला होता. तिने वास घेतला.

"मग?" गुणाबाईने विचारलं.

"मग मी सांगितलं, मीच घातलं होतं. पप्पांच्या गॅरेजमधून आणून. मग सरांच्या घरी जाऊनही सांगितलं. क्लबमधून माझं नाव काढून टाकलंय."

"आगं पन तू कशाला..."

"आई, मीच घातलं."

ती गणूकडे बघत नव्हती. लहानपणापासून ती त्या तेलाच्या वासाचा शर्ट ओळखायची, दिवे गेले तरी बाप दारात आलाय हे तिला कळायचं. गणूला आता सगळं समजलं, आणि तिलाही समजलेलं आहे, हेही समजलं. त्याने तोंड उघडायच्या आत ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणूने गॅरेज उघडलंच नाही. तो सरळ खांदा कॉलनीत सरांच्या घरी गेला. कादंबरीने दार उघडलं. सर खुर्चीत बसले होते, उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. गणू बसलाच नाही.

"सर, तेल मी घातलं," तो म्हणाला. आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. करकरणारे आटे, धुतलेले हात, कुपी, चार थेंब, पुसायचं फडकं. "पोरीला कायपन ठाव नव्हतं. मना वाचवायला खोटं बोलतेय ती."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोनाली म्हणालीच होती," ते म्हणाले. "पप्पा येतील आणि स्वतःवर घेतील."

"नाय सर! देवाशपथ. माझ्या गॅरेजचं तेल हाय त्या, बाटली दाखवतो मी."

"तिथूनच आणलं होतं, तेही तिने सांगितलं." सरांचा आवाज थकलेला होता. "गणूभाऊ, माझा राग तिच्यावर आहे. चार वर्षं मी तिला हेच शिकवलं, आणि तिने हेच केलं. तिला परत नाही घेणार मी. पण तुमच्यावर माझा राग नाही."

"सर, माझं ऐका. मीच..."

"तुम्ही माझं ऐका. त्या दिवशी हॉस्पिटलात ती माझ्या पायाशी रडत होती, माझ्यामुळे झालं म्हणून. तुम्ही तिथेच उभे होतात, मी पाहिलं तुम्हाला. नऊ दिवस ती पोर जळत होती. तेल तुम्ही घातलं असतं, तर तुम्ही हे नुसतं बघत राहिला असता? कुठला बाप असं करेल?"

गणूची नजर सरांच्या बँडेजवर गेली.

सर उठले आणि त्यांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "तुम्ही तसले नाही, गणूभाऊ. मला माणसं कळतात."

गणूने तोंड उघडलं. कादंबरीने पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि बोलायचं सोडून गणू ते पाणी प्यायला.