करड्या गोळीचं तेज

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाचा वरचा मजला रविवारी सकाळी दहालाच भरून गेला होता. खुर्च्या संपल्यावर लोक प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या गाद्यांवर बसले, गाद्या संपल्यावर भिंतीला टेकून उभे राहिले. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. समोर टेबलावर काचेचं मोठं भांडं आणि भांड्यामागे राखाडी झग्यातले तेजोगुरू.

"पाण्यात सूर्य झोपलेला असतो," गुरू म्हणाले. आवाज इतका गुळगुळीत, की त्यावरून शब्द घसरून पडावेत. "तुम्ही रोज त्याला पिता, पण झोपलेल्यालाच पिता. मी फक्त त्याला हाक मारतो."

मग त्यांनी हाक मारली. म्हणजे डोळे मिटून घशातून एक लांबलचक घरघर काढली आणि चिमटीतली करडी गोळी भांड्यात सोडली. पाणी फसफसलं. तळातून बुडबुड्यांचे लोट उठले, वर पांढरा फेस चढला. गुरूंनी हात ओला केला, ओंजळभर फेस उचलला आणि शिष्येने त्याला मेणबत्ती टेकवली. भप्प करून तळहातावर ज्वाळा उभी राहिली आणि क्षणात विझली. हात जसाच्या तसा. पहिल्या रांगेतला एक निवृत्त बस कंडक्टर चक्क रडायला लागला. आयुष्यभर लोकांनी विनातिकीट प्रवासासाठी सांगितलेली एकही थाप त्याने ऐकून घेतली नव्हती, पण इथे विरघळला.

तिसऱ्या रांगेत ताई, भावोजी आणि ताईची धाकटी बहीण बसली होती. ही धाकटी एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे सगळे तिला गिरणीवाली म्हणत, कारण पोलादी गोळ्यांनी भरलेली बंद गिरणी तीच चालवायची. मॅग्नेशियमचा चुरा आणि जरासं निकेल त्या गिरणीत तासन् तास दळायचं, भुकटीला दाबाखाली हायड्रोजन पाजायचा आणि मग तिच्या गोळ्या पाडायच्या. स्पंजाने पाणी शोषावं तसा तो मिश्रधातू हायड्रोजन पोटात घेतो आणि तापवला की परत देतो. अवजड सिलिंडरांऐवजी अशा गोळ्यांत इंधन साठवता आलं तर काय बहार येईल, या आशेवर तिची अकरा वर्षं गेली होती.

ताईने तिला आग्रहाने आणलं होतं. भावोजींची मूत्रपिंडं तीन वर्षांपासून अशक्त होती. डॉक्टरांनी पथ्यांची आणि औषधांची लांबलचक यादी दिली होती आणि भावोजी तिला पार कंटाळले होते. गेले तीन आठवडे मात्र ते रोज दोन पेले 'तेजोजल' घेत होते. दुसऱ्या एका पिंपात त्याच गोळ्या टाकून केलेलं, फेस नसलेलं, ताकासारखं गढूळ पाणी तयार असे. तेच ते.

"घशाशी येणारं आंबट एकदम थांबलं," भावोजी तिच्या कानाशी म्हणाले. "आणि पोट बघ, घड्याळासारखं साफ."

"विष बाहेर पडतंय," शिष्येने मागून ऐकून सांगितलं.

रांग पुढे सरकली तशी गिरणीवाली टेबलापाशी पोचली. थाळीत करड्या गोळ्यांची रास होती. प्रत्येक गोळीच्या कडेला कणीएवढा उंचवटा होता. प्रयोगशाळेच्या जुन्या साच्याला एका बाजूला टवका उडालेला होता आणि त्यातून पडणारी प्रत्येक गोळी कडेला असा कोंब घेऊनच बाहेर यायची.

"गुरुजी, ह्या गोळ्या कशाच्या?" तिने विचारलं.

"प्रश्न हा मनातला गाळ आहे," गुरू हसून म्हणाले. "आधी गाळ बसू दे, मग उत्तर आपोआप वर येईल."

"गाळ तर पिंपात दिसतोय," ती म्हणाली.

ताईने तिचा दंड असा काही धरला की बोटं उमटली. जिन्यात मात्र ताईचा बांध फुटला. "तीन वर्षांत पहिल्यांदा हा माणूस हसतोय. तुला ते बघवत नाही का? तुझ्या शास्त्राने काय दिलं त्यांना? पथ्य. नुसतं पथ्य." गोळ्या आपल्याकडच्या आहेत, हा अजून संशयच होता. भर जिन्यात ताईला रडवण्यापेक्षा उद्या खात्री करू, असं गिरणीवालीने ठरवलं. फक्त ताईच्या घरी जाऊन तेजोजलाची अर्धी बाटली मागून घेतली आणि भावोजींना म्हणाली, "उद्यापर्यंत हे घेऊ नका, माझ्यासाठी." भावोजी बरं म्हणाले. संध्याकाळी त्यांनी दोन पेले घेतले.

सोमवारी सकाळी तिने ते पाणी तपासलं. मॅग्नेशियम, भरपूर. मीठ, भरपूर. आणि निकेलसुद्धा, पिण्याच्या पाण्यात कोणीही सोसून घेऊ नये इतकं. ती तडक स्टोअरमध्ये गेली. ज्या गोळ्या वारंवार वापरून मंदावत, तापवल्यावर वेळेवर हायड्रोजन सोडत नसत, त्या बाद करून एका पिंपात टाकल्या जात आणि महिन्याच्या शेवटी नष्ट केल्या जात. पिंप रिकामं होतं. नष्ट केल्याच्या कागदावर सही होती, आणि ती तिचीच होती. पिंपाचं झाकणही न उघडता केलेली.

"काका, गोळ्या कुठे गेल्या?" तिने स्टोअरवाल्या काकांना विचारलं.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "गुरुजींना दिल्या. टाकाऊच तर होत्या. ते म्हणाले, माणसानं फेकून दिलेल्या धातूलाही मुक्ती मिळायला हवी."

"आणि त्या तुम्ही माणसांच्या पोटात जाताना बघितल्या?"

"हिचे गुडघे दुखायचे थांबले हो," काका कसनुसं म्हणाले. "मी म्हटलं, गोळी आपली असली तरी हाक त्यांची आहे ना."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईचा आवाज ओळखू येत नव्हता. "हे उठतच नाहीयेत. डोळे उघडतात, परत मिटतात. हात उचलत नाहीयेत. गुरुजींना फोन केला तर म्हणतात, जागृतीआधीची झोप आहे, उठवू नका."

"ताई, आत्ता गाडी बोलाव. मी इस्पितळात पोचते."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई उंच, थकलेल्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी भावोजींच्या गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. नाडी मंद, रक्तदाब घसरलेला. "हे काय घेत होते?" त्यांनी विचारलं. गिरणीवालीने बाटली पुढे केली आणि आत काय सापडलं ते सांगितलं.

"तरीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्लपित्तावर दुकानात पांढरं पातळ औषध मिळतं ना, त्यातला मुख्य माल हेच मॅग्नेशियम. आंबट थांबतं, जुलाबही होतो. धडधाकट माणूस जास्तीचं मॅग्नेशियम लघवीवाटे टाकून देतो. यांना ते टाकता येत नाही. ते रक्तात साठत गेलं आणि स्नायू, नाडी, सगळं सुस्त पडलं. आणखी दोन दिवस गेले असते तर श्वासाचे स्नायूही थांबले असते."

कॅल्शियमची सलाईन लागली, रक्त यंत्रातून स्वच्छ करायला घेतलं. ताई बाहेर बाकावर बसून होती. दुपारी चारच्या सुमाराला ती बहिणीकडे न बघता म्हणाली, "मी रोज स्वतःच्या हातानं पाजत होते गं. पेला विसळून विसळून पाजत होते, थेंब वाया जाऊ नये म्हणून."

कालच जिन्यात गिरणीवाली बोलली असती तर कालचे दोन पेले तरी वाचले असते. ती नुसती शेजारी बसून राहिली. दिवे लागायच्या वेळेला नर्सने येऊन सांगितलं की पेशंटने पाय हलवला आणि चहा मागितला, तेव्हा दोघी बहिणींनी एकदमच श्वास सोडला.

भावोजी सावरत होते, पण पुढच्या रविवारी दुकानाचा वरचा मजला पुन्हा भरला. या वेळी गिरणीवालीबरोबर डॉक्टरीणबाई आल्या होत्या, आणि ताईसुद्धा. ताईने कोणाला न विचारता सगळे पडदे सरकवले आणि खिडक्या उघडल्या. गिरणीवालीने टेबलावर काचेचे दोन पेले ठेवले.

"गुरुजी, ह्यात दोन्हीकडे पाणी आहे," ती म्हणाली. "तुमचीच गोळी, तुमचीच हाक. डाव्या पेल्यातल्या सूर्याला उठवा."

नाही म्हणायची सोय नव्हती, शे-दीडशे डोळे बघत होते. गुरूंनी नेहमीपेक्षा लांब घरघर काढली आणि गोळी सोडली. चार बुडबुडे आले, गोळीवर पांढरट साय धरली आणि सगळं थंडावलं. गुरूंनी पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. तिसऱ्या हाकेला त्यांना खोकला आला.

"पाण्याला अपमान कळतो," ते म्हणाले. "संशयी माणसांच्या सान्निध्यात ते मिटून घेतं."

"बरं," गिरणीवाली म्हणाली आणि कंडक्टरकडे वळली. "काका, आता उजव्या पेल्यात तुम्ही गोळी टाका. आणि तोंडाने काहीही म्हणा. मंत्र सोडून काहीही."

कंडक्टर बिचकत उठला. त्याला दुसरं काही सुचेना, तेव्हा त्याने जुन्या मार्गावरचे थांबे ओळीने म्हणायला सुरुवात केली. "दवाखाना, टाकी, शाळा, पूल..." 'पूल' म्हणेपर्यंत पेला फसफसून वर आला होता.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. हसू पुढे पसरत गेलं.

"या पेल्यात मीठ आहे आणि त्या पेल्यात नाही," गिरणीवाली म्हणाली. "एवढाच फरक. अपमान गोड्या पाण्याला कळतो आणि खाऱ्याला कळत नाही, असं तर नाही ना, गुरुजी?"

मग तिने सांगितलं, काही न लपवता. ह्या गोळ्या तिनेच पाडलेल्या. त्यात मॅग्नेशियम आणि जरासं निकेल, पोटात हायड्रोजन कोंबलेला. गोळी पाण्यात पडली की पाण्याशी तिची क्रिया होते आणि वायू सुटतो. साध्या पाण्यात गोळीवर लगेच पांढरी खपली धरते आणि काम थांबतं. मिठामुळे ती खपली टिकत नाही, म्हणून गुरूंच्या पाण्यात आधीच मीठ घातलेलं असे. भांड्यात भांडी घासायचा साबण घातला की तोच वायू फेसात अडकतो. हायड्रोजन भडकन जळतो, ज्वाळा वर जाते, क्षणात संपते आणि ओल्या तळहाताला पोळायला वेळच मिळत नाही. सांगून ती थांबली नाही. तिने साबणाचं भांडं पुढे ओढलं, त्यात गोळी सोडली, बाही दुमडली, हात मनगटापर्यंत भिजवला, फेस उचलला आणि ताईने मेणबत्ती लावली. भप्प.

"मला सिद्धी नाही," ती हात दाखवत म्हणाली. "मला नळ आहे. पण घरी कोणी हे करू नका. बंद खोलीत हा वायू साठला तर अख्खी खोली उडते, आणि हे गृहस्थ खिडक्या बंद करून दर रविवारी तुम्हाला त्यात बसवत होते."

डॉक्टरीणबाईंनी फक्त एकच विचारलं. "तेजोजल घेणाऱ्यांपैकी कोणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे?" सहा हात वर आले. "तुम्ही आत्ता माझ्याबरोबर चला. बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्या, पाण्यात निकेल आहे."

गुरू तोवर झगा सावरत मागच्या जिन्याकडे निघाले होते. जिन्याच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईंच्या तक्रारीवरून आलेले दोन पोलीस उभे होते. त्यांना पाहून गुरूंच्या घशातली घरघर पहिल्यांदाच आपोआप निघाली.

स्टोअरवाल्या काकांची चौकशी झाली. गिरणीवालीने न बघता केलेल्या सहीबद्दल स्वतःच लेखी कळवलं आणि त्याची शिक्षाही घेतली. त्या दिवशी जमलेल्यांपैकी सगळेच शहाणे झाले, असं मात्र नाही. एक बाई खाली उतरताना म्हणालीच, "पण माझी जळजळ खरंच थांबली होती."

"थांबणारच," ताई तिला म्हणाली. "औषधच होतं ते. पण किती द्यायचं, कोणाला द्यायचं आणि कोणाला मुळीच नाही, हे डॉक्टर विचारून ठरवतात. त्याने मला एकदा तरी विचारलं का, तुमच्या घरच्या माणसाला काय आजार आहे?"

ती बाई जिन्यात उभी राहिली.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "मलाही नाही."

डोळ्यांना जे दिसतं ते खोटं असेलच असं नाही. आग खरी होती, बुडबुडे खरे होते, थांबलेली जळजळही खरी होती. खोटं होतं ते त्यामागे सांगितलेलं कारण. म्हणून पुढच्या वेळी कोणी असं अद्भुत काही दाखवलं, तर हात जोडायच्या आधी त्याच हातांनी ते करून बघायची परवानगी मागा. खिडक्या उघडा, पाणी बदला, मंत्र गाळा. जो खरा आहे तो म्हणेल, घ्या, बघा करून. आणि जो प्रश्नालाच गाळ म्हणतो, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका.