साक्षीचा बुंधा

योस्टांच्या घरातलं मेज कुणालाही हलवता येत नसे, कारण ते जमिनीत रुजलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी, पहिला हिवाळा तोंडावर आलेला असताना ऑरिन योस्टने ओकचं एक झाड कमरेइतक्या उंचीवर तोडलं आणि बुंध्याभोवतीच चार भिंती उभ्या केल्या. मेज बनवायचा वेळ वाचला. तेव्हापासून त्याची बायको थर्झा त्यावर पीठ मळत आली होती.

बुंध्याच्या तळाशी, साल तासून, दोन अक्षरं कोरलेली होती. तशी अक्षरं असलेलं झाड म्हणजे सरकारी मोजणीचं साक्षीचं झाड, जमिनीच्या गटांची कोपऱ्यातली खुंटी कुठे आहे ते दाखवणारं, आणि ते तोडणाऱ्याला तुरुंग, हे ऑरिनला घर बांधून झाल्यावर कळलं. वरचा, गटाचा नंबर असलेला भाग तोवर चुलाणात जळून गेला होता. थर्झाने अक्षरांपुढे पिठाचं पोतं उभं केलं. ते कधी हललं नाही.

त्याआधीच सरकारने डे मॉइन नदीवर बंधारे बांधून बोटी चालवायचं ठरवलं आणि त्या खर्चासाठी काठच्या पाच-पाच मैलांतले विषम नंबरांचे सगळे गट ते काम करणाऱ्या कंपनीला देऊन टाकले. सम गट वसाहतवाल्यांसाठी राहिले. ही देणगी इतक्या वरच्या भागापर्यंत पोचते की नाही, यावर कितीतरी वर्षं वाद चालला. १८६२च्या उन्हाळ्यात ठरलं, पोचते. शरदात कंपनीची माणसं यायच्या आधी हॅस्केट नावाचा मोजणीदार मापाची साखळी घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो योस्टांकडे जेवायला बसला. दक्षिणेचा शेजारी, सत्तरीचा म्हातारा क्विम्बीही आला होता. मक्याची भाकरी, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी.

"चार गट जिथे मिळतात त्या कोपऱ्याची साक्षीची चारही झाडं गायब," हॅस्केट म्हणाला. "आणि खुंटीचा पत्ता नाही."

"कंपनीच्या बोटीतून नेली असतील," क्विम्बी म्हणाला. "तेवढी एकच तर बोट आली इकडे. तीही वळणावर रुतली, बिचारी."

"मग आता?" थर्झाने विचारलं.

हॅस्केटने मेजावर थोडं पीठ पसरलं आणि बोटाने एक आडवी, एक उभी रेघ ओढली. "हे चार गट. वर डावीकडे पंधरा, उजवीकडे चौदा. खाली बावीस आणि तेवीस. विषम ते नदीच्या कंपनीचे." त्याने घेवड्याचे दोन दाणे ठेवले, एक आडव्या रेघेच्या वर, दुसरा त्याच्याच खाली. "वरचा तुमचा, खालचा क्विम्बींचा. साक्ष मिळाली नाही तर मी लांबच्या खुणांवरून अंतर मोजून खुंटी ठोकणार. ती तुमच्या घरांच्या पश्चिमेला येते." त्याने उभी रेघ पुसली आणि दोन्ही दाण्यांच्या डावीकडे नवी ओढली.

थर्झाने पाहिलं. त्यांचा दाणा चौदात आला होता. क्विम्बीचा तेवीसमध्ये, म्हणजे विषमात.

क्विम्बीने आपला दाणा उचलून तोंडात टाकला. "कंपनी घेण्याआधी मीच खातो."



"नुसता बुंधा सापडला तर चालतं?" थर्झा म्हणाली. ऑरिनचा हात काकवीच्या भांड्यावर थांबला.

"चालतं की. वरचं कुणी तोडलं तरी कळावं म्हणून तर खाली अक्षरं कोरतात. त्यांचं तोंड कायम खुंटीकडे असतं."

थर्झाला पोत्यामागे डोकावायची गरज नव्हती. अक्षरांचं तोंड चुलाणाकडे होतं आणि चुलाण घराच्या आग्नेय कोपऱ्यात. म्हणजे खुंटी घरांच्या पूर्वेला. आपला दाणा पंधरात, क्विम्बीचा बावीसमध्ये.

ती पाण्याच्या निमित्ताने बाहेर गेली. ऑरिन मागोमाग आलाच.

"थर्झा, गप्प राहा. नुकसान झालंच तर कंपनीचं होईल."

"कंपनीचा दाणा त्याने मांडलाच नव्हता. दोनच होते, आपला आणि क्विम्बीचा."

"अकरा वर्षांचं शेत आहे. वर मला तुरुंग."

"स्वतःच्या जागी राहून काय करावं, ते नको सांगू. क्विम्बीच्या जागी असतास तर?"

 ऑरिनने पाण्याची बादली उचलली.

ती आत आली आणि पोतं ओढून बाजूला केलं.

हॅस्केटने गुडघ्यांवर बसून अक्षरं तपासली. मग होकायंत्र बुंध्यावर ठेवून त्याने दिशा घेतली, साखळी दारातून बाहेर काढली. तासाभराने चुलाणामागे, कोबीच्या वाफ्यात, कुजलेल्या खुंटीचं टोक सापडलं.

"झाड कुणी तोडलं?" त्याने विचारलं.

"बीव्हरने," क्विम्बी चटकन म्हणाला. "इथले बीव्हर फार नेटके, साहेब. झाडं कुरतडून पाडतात, वर भिंतीसुद्धा बांधतात."

हॅस्केटने वहीत लिहिलं: बुंधा सापडला, घराच्या आत, अक्षरं स्वच्छ. तोडणाऱ्यासाठी वहीत रकाना नव्हता.

वसंतात कंपनीची नोटीस आली. शेत गेलं. पण घर जाऊ द्यायला क्विम्बी तयार नव्हता. तो बैलांच्या सहा जोड्या मागून घेऊन आला. चुलाण पाडलं, जमिनीच्या फळ्या काढल्या, भिंतींखाली ओंडके सरकवले.

"बुंधा मध्ये येतो," ऑरिन म्हणाला. "कापू का?"

"एकदा कापलास तेवढं पुरे," थर्झा म्हणाली. "साक्षीचा आहे तो."

मग उत्तरेच्या भिंतीचे खालचे ओंडके काढले, आणि घर बुंध्यावरून सरकत दक्षिणेला, क्विम्बीच्या गटात गेलं. कंपनीच्या जमिनीवर, उघड्यावर, कमरेइतका बुंधा उरला. वरच्या वलयांमध्ये पीठ पांढरं दिसत होतं. पलीकडे नदीचं पाणी गुडघाभर होतं.

संध्याकाळी ऑरिन रिकाम्या घराच्या मधोमध उभा राहिला.

"आता मेज?"

"कर एखादं," थर्झा म्हणाली. "हलवता येईल असं."