मृत्यूचे कारण : झोप

विम्याचा फॉर्म सोळा पानांचा होता, आणि आमच्या घरात फॉर्म भरायचं खातं माझ्याकडे आहे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तिसाव्या मजल्यावर लिफ्ट अडकली, तर हा लोखंडी दोरांच्या जंजाळात शिरून तासाभरात ती चालू करून दाखवेल. पण ‘आडनाव मोठ्या अक्षरांत लिहा’ एवढं वाचलं की याच्या हातापायांतलं बळच जातं. मग पेन माझ्या पुढ्यात येतं आणि स्वारी चहा टाकायला पळते.

या वेळी फॉर्म टाळून चालणार नव्हतं. नवरा मोठी कंपनी सोडून घराजवळच्या एका छोट्या कंपनीत जाणार होता. मोठ्या कंपनीचा विमा महिनाअखेरीला संपणार, आणि छोट्या कंपनीत ज्याचा विमा त्याने काढायचा. आम्ही पडलो परदेशी. विम्याचा कागद दाखवल्याशिवाय इथे राहायची परवानगी पुढे वाढत नाही. म्हणजे फॉर्म नाही तर विमा नाही, विमा नाही तर परवानगी नाही, आणि मग बांधा बोचकी!

नऊ पानं झरझर झाली. दहाव्या पानावर प्रश्न होता : अर्जदाराचे वडील, आजोबा, काका. हयात आहेत का? नसल्यास मृत्यूसमयीचं वय आणि मृत्यूचं कारण.

“नाना कशाने गेले?” मी विचारलं. नाना म्हणजे माझे सासरे. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय.

“झोपेत गेले,” नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

“अरे, कशाने गेले विचारतेय. झोप हे काय कारण झालं?”

“आमच्याकडे असंच जातात. आजोबा झोपेत. आप्पाकाका तर खुर्चीत बसल्या बसल्या. कुणाला त्रास नाही, काही नाही. वार्धक्य लिही आणि मोकळी हो.”

“वय किती होतं नानांचं?”

“चव्वेचाळीस.”

मी कपाळावर हात मारला. “चव्वेचाळिसाव्या वर्षी वार्धक्य? तो विमावाला हसून हसून खुर्चीवरून पडेल!”

मी नसत्या चौकशा करते असं नवऱ्याचं मत आहे. असू दे. मी एका ड्रायक्लीनच्या दुकानात कपडे आल्टर करते. लांब विजारी तोकड्या करायच्या, चेन बदलायची, कुणाचं पोट सुटलं असेल तर शिवणीतली माया उसवून कपडा सैल करायचा. आमच्या दुकानात इस्त्रीला एक बाई आहे, तीही आमच्यासारखीच बाहेरून आलेली. तिने विम्याच्या फॉर्मवर नवऱ्याचा मूतखडा लपवला. पुढे ऑपरेशन झालं तेव्हा विमा कंपनीने जुनी फाईल बरोबर शोधून काढली आणि एक छदाम दिला नाही. बिचारी त्यानंतर वर्षभर रविवारीही इस्त्रीला उभी होती. तेव्हापासून ठरवलंय, फॉर्मवर खोटं लिहायचं नाही. अर्धवट तर मुळीच नाही.

मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा फोन नेहमी कपाळाच्या वर धरलेला असतो, त्यामुळे मी गेली बारा वर्षं त्यांच्या भांगाशी बोलते आहे.

“नानांचं ना?” त्यांचा आवाज फुलला. “अगं, काय सांगू! पोटभर जेवले, शेजाऱ्याची टिंगल केली, आडवे झाले. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर संपलं होतं. चेहरा असा शांत! सगळा गाव म्हणाला, पुण्यवान माणूस. तुझे आजेसासरे तसेच. सेहेचाळिसाव्या वर्षी, दुपारी जेवून जे पडले ते उठलेच नाहीत. आणि आप्पाभावजी तर दुकानात, खुर्चीवर. समोर गिऱ्हाईक उभं. त्याला वाटलं, भाव कमी करायचा विचार करतायत.”

“वय, आई?”

“एकोणचाळीस. या घराण्यातल्या पुरुषांना देव अंथरुणाला खिळवत नाही बघ. मोठं भाग्य लागतं त्याला.”

फोन ठेवला. दुकानात गिऱ्हाइकाची मापं लिहायच्या चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये पडलेल्या असतात. त्यातल्या एकीवर मी एकाखाली एक लिहिलं : सेहेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस. मग मान वर केली, तर नवरा दोन कप घेऊन दारात उभा. वय एक्केचाळीस.

“तू डॉक्टरकडे जायचंस,” मी म्हटलं. “याच आठवड्यात. जुना विमा चालू आहे तोवर.”

“मला काय धाड भरलीय? रोज बारा मजले जिन्याने चढतो.”

“नाना काय पांगळे होते?”

त्याने विमा एजंटाला फोन लावला. एजंट मोठा गोडबोल्या. म्हणाला, मृत्यूचं कारण ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ लिहा, खुशाल चालतं. उगाच वयं लिहिलीत तर वरचे लोक तपासण्या मागतील, अर्ज लटकेल, कदाचित नाकारतीलसुद्धा. नवऱ्याला गड जिंकल्याचा आनंद झाला.

“ऐकलंस ना? माहीत नाही लिही. खोटं कुठे आहे त्यात? खरंच कुणाला माहीत नाही!”

तो म्हणत होता ते बरोबर होतं, म्हणून तर मला जास्त राग आला. तीन माणसं गेली, आणि कशाने गेली असं घरात एकानेही विचारलं नाही. पुण्यवान म्हटलं की प्रश्नच मिटला! शेवटच्या पानावर बायकोचीही सही लागत होती. मी पेनाला टोपण लावलं, पेन पर्समध्ये टाकलं आणि पर्स खांद्याला लावली.

“डॉक्टरकडे गेल्याशिवाय सही मिळणार नाही.”

“अगं, परवानगी जाईल आपली!”

“जाऊ दे. तू राहशील ना!”

एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. मी भांडताना रडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो कप खाली ठेवून गुपचूप डॉक्टरची वेळ शोधायला बसला.

डॉक्टरीण बाई कॉम्प्युटरमधून डोकं वर न काढणाऱ्यातली होती. वजन? टकटक. सिगारेट? टकटक. घरात कुणाला काही आजार? नवरा म्हणाला, “छे, सगळे ठणठणीत होते.” मी चिठ्ठी तिच्या टेबलावर सरकवली. तिने ती वाचली. परत वाचली. टकटक थांबली.

“तिघंही झोपेत?”

“दोघं झोपेत. एक खुर्चीत.”

“आणि पोस्टमॉर्टेम कुणाचंच नाही?”

पुण्यवान माणसाची चिरफाड कोण करणार? हे तिच्या भाषेत कसं सांगायचं ते मला सुचेना, म्हणून मी नुसतीच मान हलवली. ती उठली आणि आम्हाला स्वतः शेजारच्या खोलीत घेऊन गेली. आधी छातीला वायरी चिकटवून कागदाची पट्टी निघाली. पट्टी बघून तिने कुणाला तरी फोन केला, आणि मग खालच्या मजल्यावर सोनोग्राफी. खोलीत अर्धवट अंधार, छातीवर गारेगार जेल, पडद्यावर नवऱ्याचं हृदय धपाधप उघडमीट करत होतं. त्याला गुदगुल्या होत होत्या आणि तो हसत होता. मी पडद्याकडे बघत नव्हते, मशीनवाल्याच्या तोंडाकडे बघत होते. ते काही हसत नव्हतं.

मग डॉक्टरीण बाईने नीट समजावलं. हृदयाची एक भिंत असायला हवी त्याहून जाड आहे. हे रक्तातून येतं. कितीतरी लोक असं हृदय घेऊन म्हातारे होतात, पण काहींचे ठोके एखाद्या दिवशी अचानक सैरभैर होतात आणि हृदय थांबतं. जेवून पडल्यावर, झोपेत, खुर्चीत, कुठेही. तुमच्या घराण्याचा इतिहास बघता वाट बघत बसायचं नाही. गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं. ठोके बिघडले की ते झटका देऊन ताळ्यावर आणतं.

“पण मला काहीच होत नाही,” नवरा पुटपुटला.

“त्यांनाही होत नव्हतं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ही वयं तुम्ही गोळा केलीत? कशासाठी?”

“फॉर्म भरत होते.”

ती पहिल्यांदाच हसली. “हे फॉर्म कुणी पूर्ण भरत नाही हो.”

जुना विमा संपायला एकोणीस दिवस होते. तिने अकराव्या दिवसाची तारीख मिळवली. तोपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. हा पडल्या पडल्या घोरायला लागला नाही की मी कोपराने ढोसायची. “जिवंत आहे गं बाई!” तो ओरडायचा. यंत्र बसलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचीही तपासणी झाली. तिचं हृदय सध्या चोख आहे, पण दर वर्षी बघायचं. आणि फॉर्म मी पूर्ण भरला, नव्या यंत्रासकट. गोडबोल्याने सुस्कारा टाकून वर पाठवला. हृदयासाठी दोन वर्षं पैसे मिळणार नाहीत एवढी अट घालून विमा मंजूर झाला, परवानगीही वाढली.

राहिल्या सासूबाई.

“आईला कळवायचं नाही,” नवऱ्याने फर्मान काढलं. “हाय खाईल ती.”

इथे सगळे असंच करतात. आपण आपलं दुखणं त्यांना सांगत नाही, ते त्यांचं आपल्याला सांगत नाहीत, आणि दोन्हीकडून ‘मजेत’ म्हणून फोन खाली ठेवायचा. मीही केलंय. पण तिकडे आप्पाकाकांचे दोन मुलगे होते, आत्याची मुलं होती, नातवंडं होती. त्यांना पुण्यवान होऊ द्यायचं का?

मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत, कपड्यांच्या रांगेमागे उभं राहून फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे भांग हललासुद्धा नाही.

“म्हणजे यांचंही तेच होतं?”

“बहुतेक, आई.”

“वाचले असते?”

खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. “तेव्हा तुमच्याकडे ही यंत्रं नव्हती, आई.”

“आणि आता?”

“आता आहेत. जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नक्की असतील.”

“ठेव फोन,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनीच ठेवला.

चार दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. मी आईंना सांगितलंय हे कळल्यावर नवराही माझ्याशी बोलेना. “मिळालं समाधान?” एवढंच एकदा म्हणाला. मी विजारी उलट्या शिवायला लागले, दोन तर उसवाव्या लागल्या. त्या म्हातारीच्या तीस वर्षांच्या समाधानाला मी एका फोनवर चूड लावली होती.

पाचव्या दिवशी, दुपारी, मी दुकानात असताना त्यांचाच फोन आला. मागे नुसता गोंगाट, कुणीतरी नंबर पुकारत होतं. आणि फोन चक्क सरळ धरलेला! बारा वर्षांनी मला सासूबाईंचं अख्खं तोंड दिसलं.

“हॉस्पिटलात आहे,” त्या म्हणाल्या.

“काय झालं, आई?”

“मला काय होतंय! जीप करून नऊ जण आणलेत. आप्पाभावजींचे दोघं, आत्याचा मुलगा, त्याची पोरं, सगळे. आत्या नाक मुरडत होती, आमच्या घराण्याला खोट लावते म्हणाली. मी म्हटलं, वन्सं, पुण्य तुम्हाला ठेवा. मला ही पोरं म्हातारी झालेली बघायची आहेत. टकली, कवळी लावलेली, खोकणारी. कंटाळा येईपर्यंत जगायला हवीत.”

“आणि तपासण्या?”

“सहा जणांच्या झाल्या.” त्यांनी तीन बोटं वर केली. “तिघं सापडले. तिसरा एकोणीस वर्षांचा आहे, बाई. काल फुटबॉल खेळत होता.”

शिलाई मशीनवर डोकं टेकून मी हमसून हमसून रडले, आणि पलीकडे त्याही रडत होत्या, उघड्यावर, हॉस्पिटलच्या बाकावर, पदर तोंडाला न लावता. नाना गेले तेव्हा त्यांना रडू दिलं नव्हतं कुणी. पुण्यवान माणूस गेला की रडायचं नसतं म्हणे.

“आई,” मी म्हटलं, “ऐका ना—”

“नंतर बोलू,” त्यांनी नाक पुसलं. “सातव्याला आत बोलावलंय, आणि तो पळायच्या बेतात आहे.”