न दुखलेली जखम

नदीच्या दोन्ही काठांवरून दगड मारायची गोटमारची जत्रा होऊन एक रात्र उलटली आणि पांढुर्ण्यात हेमराजचा भाव एकदम वधारला. पलीकडच्या सावरगावकडून आलेला दगड थेट पोटरीवर बसला, रक्ताची धार लागली, तरी गड्यानं हूं की चूं केलं नाही. वरून देवीची भभूत चोळून पुन्हा नदीत उतरला! सकाळपासून ओसरीवर बघ्यांची रीघ होती आणि हेमराज पाय पसरून नवरदेवासारखा बसला होता.

त्याची बायको सुचिता गरम पाणी घेऊन बाहेर आली. ती वस्तीतली आशा कार्यकर्ती. गावाच्या जखमा धुवायच्या आणि नवऱ्याची भभुतीवर सोडायची, हे तिला पटत नव्हतं.

"वैनी, तुमच्या मालकाले देवीनंच सांभाळलं," शेजारचे दादाराव म्हणाले. "दुसरा असता त लोळला असता."

"सांभाळलं त दगड कायले बसू दिला?" म्हणत सुचितानं तांब्या उचलला. पाणी भलतंच कढत होतं. तिच्या बोटांना चटका बसला, हात हलला आणि अर्धा तांब्या पोटरीवर सांडला. हेमराज दादारावांना दगडाची गोष्ट सांगत होता. त्याचं बोलणं जरासुद्धा अडखळलं नाही.

सुचितानं तांब्या खाली ठेवला आणि वाकून पाहिलं. भभूत धुतली गेली तसा जखमेभोवतीचा चट्टा उघडा पडला, फिकट तांबूस, तळहाताएवढा. तो नवा नव्हता. संत्र्याच्या बागेत फवारणीचं औषध उडालं असेल, म्हणून वर्षभर दोघांनीही तो मनावर घेतला नव्हता. पण सौंसरच्या ट्रेनिंगमध्ये तिनं डागांचे फोटो पाहिले होते. गजकर्ण खाजतं, त्याच्या कडेला बारीक पुरळ उठते. औषधानं भाजलं तर आग होते, खपली धरते. कोड पांढरंफटक असतं, पण तिथं टोचलेलं माणसाला कळतं. हा चट्टा खाजत नव्हता, खपली नव्हती, त्यावरचे केस तेवढे झडले होते. दुसऱ्या कुणाच्या अंगावर असता तर तिनं लांबूनच ओळखला असता. स्वतःच्या घरात मात्र डोळ्यांवर कातडं ओढलं गेलं होतं.

दादाराव उठून गेल्यावर ती म्हणाली, "डोळे मिटा. मी कापूस लावते, लागंल तिथं बोट ठेवा."

"काहून व?"

"मिटा म्हणते ना."

चांगल्या पायावर त्यानं बरोबर बोट ठेवलं. मग तिनं चट्ट्यावर कापूस टेकवला. पुन्हा टेकवला. जरा दाबून फिरवला.

"लाव ना," तो हसत म्हणाला, "किती येळ बसू असा?"

तिला रडू फुटलं. तशीच बोलली. हा कुष्ठरोग दिसतो, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, आत्ता धरला तर पुरता बरा होतो. हयगय केली तर हा पाय भाजंल, चिघळंल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. "चला, आत्ताच जाऊ."

हेमराजनं रोगाचं नावसुद्धा काढलं नाही. "म्हणजे काल मले दुखलंच नव्हतं?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "नाही," ती म्हणाली.

अंगणात आणखी माणसं चपला काढत होती. हेमराजनं त्यांच्याकडं पाहिलं, मग अंगठा जखमेत घातला आणि रक्त येईपर्यंत दाबला.

"दुखून राहिलं मले," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आईची आन, सुचिता, लय दुखून राहिलं."