आधी नाव, मग खो

अकोल्याच्या मैदानावर शेवटचं मिनिट उरलं होतं आणि अमरावतीच्या मुलींना जिंकायला अजून एक गडी टिपायचा होता. लोक ओरडत उभे राहिले होते. रांगेत उकिडवी बसलेली जमुना कान टवकारून होती.

जमुना दर्यापूरकडची, पंधरा वर्षांची. आई तापाच्या साथीत गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. पुढची आठ वर्षं काकूनं, पार्वताबाईनं, तिला सांभाळलं ते मारून. चुलीपाशी बसलेल्या पोरीच्या पाठीत मागून फुंकणी बसायची. का, ते कधी कळायचं नाही. शेवटी मामानं, नत्थुजीनं, तिला अमरावतीच्या वसतिगृहात आणून घातलं. इथं कुणी मारत नव्हतं, पण अंगाला ते पटेना. पानावरून अर्धपोटी उठायची, उगाच चिडायची. खो-खोत पळण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती; पण पाठीवर खो पडला की डोक्यावर हात घेऊन जागीच गोळा व्हायची.

"येडी आहे," पोरी हसायच्या.

एकदा संघातल्या कुंदानं खो दिला, तशी जमुना तिला कडकडून चावली. खेळ शिकवणाऱ्या चारुशीलाबाईंनी शिक्षा केली नाही. जवळ बसवून विचारलं, "पाठीला कोण लागलं होतं गं?"

जमुनेनं पहिल्यांदाच सगळं सांगितलं. कुंदा दंडावरचे दातांचे वण चोळत ऐकत होती. म्हणाली, "मग मी आधी तुझं नाव घेईन. हात नंतर."

तीन महिने रोज तसाच सराव चालला.

आणि आज या गलक्यात नाव ऐकूच आलं नाही! पाठीवर थाप पडली. जमुनेचे हात डोक्याकडे निघाले. "खो!" आवाज कुंदाचा होता. हातही कुंदाचाच.

जमुना सुटली ती बाणासारखी! समोरची पोर खांबाला वळसा घालून निसटली. जमुनेनं खांब धरून गिरकी घेतली, अंग झोकून दिलं आणि बोटं तिच्या खांद्याला टेकली. शिट्टी वाजली!

मैदान दणाणलं. जमुना मातीत फतकल मारून हसत होती आणि डोळे घळाघळा वाहत होते.

"अगं, रडतेस काय?" चारुशीलाबाई धावत आल्या.

"मालूम नाई बाई," ती धापा टाकत म्हणाली, "पन लय बेस वाटून राह्यलं!"